गाडीची बशी

माझे यजमान मोटारी दुरुस्त करायचे. त्यांचं नाव मी आयुष्यात फक्त उखाण्यात घेतलं, तेही चार बायकांनी कोपराने ढोसल्यावर. तेव्हा इथेही ते 'हे'च राहतील.

नगरजवळच्या केडगावात पुण्याच्या रस्त्याला लागून आमचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार लोखंडी खांब, वर पत्रा आणि खाली तेलाने काळी झालेली जमीन. मागे आमच्या दोन खोल्या. पोरंबाळं अजून व्हायची होती. त्याआधी दोन वर्षं मी कर्जतला सासरी काढली होती. तिथे घर भरलेलं, माणसं चांगली, पण भाजीत मीठ किती घालायचं हेही मला दुसऱ्यांना विचारावं लागे. डोक्यावरचा पदर घसरला की कुणीतरी खाकरायचं. केडगावात आल्यावर पहिल्या महिन्यात मी उगाचच मोठमोठ्याने बोलत असे, आपला आवाज कसा आहे ते ऐकायला.

इथे माझं ऐकणारी माणसं होती. ट्रकवाले यायचे आणि म्हणायचे, "वहिनी, जरा ऐका बरं ह्यो आवाज." मी हातातलं लाटणं तसंच घेऊन बाहेर जायचे, कान द्यायचे आणि सांगायचे, पंख्याचा पट्टा ढिला झालाय, नाहीतर सायलेन्सरला भोक पडलंय. यांना फार राग यायचा. मी चुकत असते तर आला नसता.

माझाही स्वभाव काही गोड नाही. मला राग लवकर येतो आणि तो मी गिळत नाही. कर्जतला गिळायचे, म्हणून पोटात दुखायचं. केडगावात पोट एकदम बरं झालं.

आता त्या गाडीबद्दल सांगते. नगरमधल्या एका डॉक्टरांकडे जुनी अमेरिकन मोटार होती. लांबलचक, काळी, पुढे चकचकीत जाळीचे दात. डॉक्टर तिला इतके कंटाळले होते की यांना म्हणाले, "न्या हो, फक्त माझ्या दारातून हलवा." सणाला जावयाला मानाचा पाट मिळावा तसे हे आनंदले. ती दारात आली आणि केडगावने एका दिवसात तिचं नाव म्हैस ठेवलं. म्हैस निदान दूध तरी देते, असं मी म्हणाले, तर हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

या म्हशीला क्लच नव्हता. पायाशी दोनच पेडल, एक पळवायला आणि एक थांबवायला. गिअर आपले आपणच बदलायचे. गिअरबॉक्सच्या पोटात तेल भरलेलं असायचं आणि त्या तेलाच्याच जोरावर इंजिनाचं बळ चाकापर्यंत पोचायचं. तेल फार तापलं की पातळ व्हायचं, आणि मग ताक घुसळताना रवीची दोरी घसरावी तसं व्हायचं. इंजिन गर्जतंय, पण चाकं ढिम्म. डॉक्टर नेमके यालाच कंटाळले होते. पहिल्या दोन महिन्यांत केडगावातल्या प्रत्येक धडधाकट माणसाने ती एकदा तरी ढकलली होती. ढकलून झालं की सगळ्यांना चहा करायचा, तो मी.

त्र्याहत्तर साल होतं. दुष्काळ नुकता सरला होता आणि लोकांना पुन्हा हौसमौज सुचायला लागली होती. नगरमधल्या मोटारींच्या नादिष्ट मंडळींनी ठरवलं की दसऱ्याच्या दुपारी शहराबाहेरच्या माळावर मोटारींची शर्यत घ्यायची. पांढऱ्या फक्कीने मैलभराचं रिंगण आखायचं आणि त्यात दहा फेऱ्या. यांनी म्हशीचं नाव दिलं. ज्या गाडीला बाजारातून भाजी आणताना दोनदा ढकलावं लागे, तिचं नाव यांनी शर्यतीत दिलं!

त्याच आठवड्यात कर्जतहून थोरले दीर आले. यांच्याहून पंधरा वर्षांनी मोठे. वडील लवकर गेल्यावर यांना त्यांनीच वाढवलं. माणूस मनाने मऊ, पण भिवया अशा की मला पहिल्या वर्षी त्यांचे डोळे दिसलेच नव्हते. आमच्यात भावजय थोरल्या दिराशी थेट बोलत नसे, आणि दीरही भावजयीशी बोलत नसत. कर्जतला मधे पोरं असायची, निरोप इकडचे तिकडे व्हायचे. केडगावात पोरं नव्हती, म्हणून आम्ही मांजरीमार्फत बोलायचो.

"मांजरे, ह्या घरात चा हुतो का न्हाई?" दीर विचारायचे.

"मने, सांग भाऊजींना, आधण ठेवलंय," मी आतून म्हणायचे. मांजर आळीपाळीने दोघांकडे बघायची आणि मग कंटाळून निघून जायची. ती गेली की आमचं बोलणं बंद.

त्या दिवशी दिरांनी चहा बशीत ओतला, फुंकला, प्यायला आणि यांना म्हणाले, "लई झालं आता. दोन-तीन वरसं रान कोरडं पडलं, तवा तू हितं हुतास ते बरंच झालं. आता हिरीला पानी हाय, पर रानात मानूस न्हाई. माजं गुडगं गेलं. चल घरला."

"दादा, मला शेतातलं काय येत न्हाई," हे म्हणाले.

"ह्यातलं तरी कुटं येतंय? काल बी ढकलतच आनली न्हवं ती म्हस?"

हे चिडले. चिडून त्यांनी शर्यतीचं सांगितलं. दीर ऐकत राहिले आणि मग बशी खाली ठेवून म्हणाले, "दहा फेऱ्या हायेत म्हनतोस? पुऱ्या कर. पयला यिऊ नको, शेवटचा ये. पर कुनी ढकलायचं न्हाई आन मदी कुनी मदत करायची न्हाई. झाल्या पुऱ्या तर ऱ्हा हितंच, मी पुन्यांदा तोंडातनं शबूद काडनार न्हाई. न्हाई झाल्या तर दिवाळीच्या आत बिऱ्हाड कर्जतला."

"व्हय," हे म्हणाले. लगेच. मला कुणी विचारलं नाही, मांजरीलासुद्धा नाही. माझ्या दोन खोल्या, माझं मीठ, माझा आवाज, सगळं त्या म्हशीच्या दहा फेऱ्यांवर लागलं. मी आत जाऊन इतक्या जोरात भांडी घासली की पितळेच्या तांब्याला पोचा आला. तो तांब्या अजून माझ्याकडे आहे.

दीर परत गेल्यावर मी यांना फैलावर घेतलं. "दहा फेऱ्या? तिला दहा फर्लांग जमत नाही!"

हे शांतपणे म्हणाले, "कपातला चहा तू बशीत का ओततेस?"

"निवावा म्हणून."

"मग म्हशीला मी बशी करणार आहे."

आणि त्यांनी केली. नगरच्या जुन्या बाजारात लष्करी गाड्यांचं भंगार यायचं. तिथून त्यांनी एक चपटी जाळी आणली. बारीक नळ्या, नळ्यांवर पत्र्याच्या पातळ पात्या, मधून वारा आरपार जाईल अशी. गिअरबॉक्समधलं गरम तेल एका नळीने पुढे आणायचं, या जाळीतून फिरवायचं, तोंडावरच्या वाऱ्याने निववायचं आणि दुसऱ्या नळीने परत पाठवायचं. जाळी बसवायची गाडीच्या अगदी पुढे, त्या चकचकीत दातांच्या मागे, म्हणजे वारा आधी तिलाच लागेल. तिला हे कूलर म्हणायचे. मी बशीच म्हणत राहिले, आणि शेवटी तेही बशीच म्हणायला लागले.

बशी आतून धुवायला माझं रॉकेल गेलं. गळते का बघायला माझ्या अंघोळीचं घंगाळ गेलं. त्यात बशी बुडवून हे एका नळीतून फुंकायचे आणि बुडबुडे कुठे येतात ते मी बघायचे. गाल फुगवून ते लाल व्हायचे आणि मी म्हणायचे, "आला हो, डाव्या कोपऱ्यात आला." मग तिथे कथलाचा डाग द्यायचा, पुन्हा बुडवायचं, पुन्हा फुंकायचं. चार दिवस आम्ही दोघांनी बादलीत अंघोळी केल्या. खरं सांगते, लग्नानंतर आम्ही इतका वेळ एकत्र हसत घालवला तो तेव्हाच.

बशी बसली आणि म्हैस सुधारली. पुण्याच्या रस्त्याने दहा मैल जाऊन आम्ही परत आलो, एकदाही ढकलावी लागली नाही. हे म्हणाले, "हात लाव." मी नळ्यांना हात लावला. जाणारी नळी चटका देत होती, येणारी जेमतेम कोमट होती. एवढा फरक ती हातभर जाळी करत होती! मी यांच्याकडे बघितलं आणि मला पहिल्यांदा वाटलं की आपण इथेच राहणार.

दसऱ्याच्या सकाळी दीर आले ते झेंडूची पाटी घेऊन. पिवळाधमक, लिंबाएवढा एकेक झेंडू. दुष्काळानंतर त्यांच्या रानात आलेलं ते पहिलं फूल. पाटी त्यांनी उंबऱ्यावर ठेवली आणि मांजरीला म्हणाले, "मांजरे, ही फुलं बाजारची न्हाईत. आपल्या हिरीच्या पान्यावरची हायेत." एक फूल त्यांनी उचलून बघितलं आणि अलगद परत ठेवलं. माझा सगळा राग तिथेच विरघळला.

दसऱ्याला आमच्याकडे अवजारांची पूजा होते. शेतकऱ्याकडे नांगराची, आमच्याकडे पान्यांची, जॅकची आणि गाडीची. मी हार करायला बसले. एरवी गाडीला हात-दीड हाताचा हार पुरतो. पण पाटीभर फुलं होती आणि माझ्या मनात आनंद होता. मी मनगटाएवढा जाड हार ओवला, मधे आंब्याची पानं घालून, चांगला सहा हात लांब. दिरांनी तो स्वतः बांधला. गाडीच्या पुढच्या दातांवर या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत, मग दुहेरी करून परत. म्हैस नवऱ्या मुलासारखी दिसायला लागली.

"वाऱ्यानं उडंल," दीर म्हणाले, आणि त्यांनी गॅरेजातली बांधायची तार घेऊन हार चार ठिकाणी पक्का आवळला. हे टायरची हवा बघत होते. त्यांनी वर बघितलं, हाराकडे बघून हात जोडले आणि पुन्हा हवा बघायला लागले. मीही नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली आणि गाडीच्या पाया पडले. तिघांपैकी एकालाही त्या हारामागे काय आहे ते आठवलं नाही. सण म्हटला की माणसाची अक्कल फुलांच्या पाटीत जाते.

माळावर सात गाड्या होत्या. तीन जीपगाड्या, तीन लहान मोटारी आणि आमची नवरदेव म्हैस. ऊन चांगलंच तापलं होतं. मी आणि दीर दोरीच्या अलीकडे उभे होतो, मधे तीन माणसांची जागा सोडून. यांची हत्यारांची पिशवी माझ्याकडे होती.

शिट्टी झाली. पहिल्या तीन फेऱ्या म्हैस अशी पळाली की लोक टाळ्या वाजवायला लागले. चौथ्या फेरीत ती तिसरी होती. दिरांच्या भिवया वर गेल्या आणि त्यांचे डोळे मला लख्ख दिसले. आपला भाऊ जिंकला तर आपण हरतो, हे विसरून ते ओरडत होते, "हान! हान तिच्यायला!" मग मी तिथे आहे हे आठवून ते खाकरले.

पाचव्या फेरीत मला आवाज आला. इंजिन नेहमीपेक्षा चढ्या सुरात गर्जत होतं, आणि गाडी मात्र जागच्या जागी रेंगाळत होती. रवीची दोरी घसरत होती. बशी फुटली का? मी रिंगणात बघितलं, फक्कीवर तेलाचा थेंब नव्हता. मग तेल आत आहे, बशी आहे, नळ्या आहेत, आणि तरी तापतंय?

सहावी फेरी पुरी करून म्हैस समोरून गेली आणि मला तो हार दिसला. आधीपासून दिसतच होता, पण आता कळला. मी ओवलेला, मनगटाएवढा जाड, दुहेरी, आंब्याच्या पानांसकट, दिव्यापासून दिव्यापर्यंत. बशी बरोबर त्याच्या मागे. आम्ही बशीवर झाकण ठेवलं होतं.

आता सांगायचं कुणाला? शेजारी दीर, आणि मांजर तर केडगावात. पलीकडे एक अनोळखी बाई छत्री घेऊन उभ्या होत्या. मी त्यांच्या छत्रीला सांगितलं, "तो हार काढायला पाहिजे हो. वारा अडतोय त्याने."

दीरही त्या छत्रीलाच म्हणाले, "दसऱ्याच्या दिशी बांदलेला हार कुनी काडतं व्हय? वंगाळ बोलू नये." बाई बिचाऱ्या छत्री मिटून लांब गेल्या.

सातव्या फेरीत लहान मोटारीसुद्धा म्हशीला मागे टाकून गेल्या. तिच्या पोटाखालून जळक्या तेलाचा वास इथपर्यंत येत होता. मला माहीत होतं की अजून एक फेरी, फार तर दीड, आणि मग ती बसेल. मी दिरांकडे बघितलं. त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता, तेही घाबरले होते. हार काढला तर त्यांच्या रानातलं पहिलं फूल मी सगळ्यांसमोर धुळीत टाकणार होते. शिवाय मधे कुणी मदत करायची नाही, ही त्यांचीच अट. नाही काढला तर दिवाळीच्या आत कर्जत.

मी पिशवीतून पक्कड घेतली आणि दोरीखालून रिंगणात घुसले.

शिट्ट्या वाजल्या, लोक ओरडले, एक जीप मला वळसा घालून शिव्या देत गेली. मी म्हशीसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिले. यांनी करकचून ब्रेक दाबला. डोक्यावरचा पदर कधीच खांद्यावर आला होता. "इंजिन बंद करू नका!" मी ओरडले. "गिअर काढा आणि नुसतं चालू ठेवा!" आयुष्यात पहिल्यांदा यांनी उलट प्रश्न न विचारता माझं ऐकलं. मी चारही ठिकाणची तार तोडली आणि हार ओढून काढला. फुलं मागच्या बाजूने भाजीत टाकल्यासारखी शिजली होती.

हार गेला तसा इंजिनाच्या पंख्याने मोकळा वारा ओढायला सुरुवात केली. आम्ही तशीच उभी राहिलो. मी वाकून येणाऱ्या नळीला हात लावला, चटका बसला. थांबले. पुन्हा लावला. पुन्हा थांबले. तोवर बाकीच्यांच्या फेऱ्या संपत आल्या होत्या. नळी सोसेल इतकी निवली तेव्हा मी म्हणाले, "आता जा. सावकाश जा." म्हैस हलली. जमलेल्या सगळ्या माळाला ऐकू जाईल असं मी देवाचं नाव घेतलं.

दहावी फेरी संपवून हे आले तेव्हा बक्षीस समारंभ सुरू होता आणि पहिल्या आलेल्या जीपवाल्याच्या गळ्यात हार पडत होता. आमच्यासाठी टाळी वाजवली ती एकट्या छत्रीवाल्या बाईंनी. फेऱ्या पुऱ्या झाल्या होत्या. कुणी ढकललं नव्हतं. पण मदत झाली होती, तीही माझी.

घरी येताना दीर मागे बसले होते. धुळीत पडलेला हार त्यांनी उचलून आणला होता आणि तो मांडीवर घेऊन ते बाहेर बघत होते. मला हाराकडे बघवत नव्हतं. एवढ्या वर्षांनी पाणी लागलेल्या रानातली फुलं, आणि मी ती पकडीने तोडली होती.

संध्याकाळी हे गावात सोनं वाटायला गेले. मी चहा केला आणि कपबशी दिरांसमोर ठेवली. आपट्याची पानं त्यांच्या हातावर ठेवली आणि वाकून नमस्कार केला. मांजर चुलीशी बसली होती. मी तिच्याकडेच बघत राहिले, कारण आता निकाल तिलाच सांगितला जाणार होता.

दिरांनी चहा बशीत ओतला. मग, कधी करत नसत ते केलं. बशीवर आपला रुंद तळहात झाकणासारखा धरला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला, हात उचलला, ओला झालेला तळवा बघितला आणि बशीला बोट लावलं. चहा अजून कढत होता. ते स्वतःशीच हसले. लग्नानंतर चार वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

त्यांनी मांजरीकडे बघितलं नाही. सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, फुडल्या दसऱ्याला हितं यीन, तवा हार मागल्या अंगाला बांदू."

मला एकदम रडू आलं. पदराने डोळे पुसले, आणि मीही मांजरीकडे न बघता म्हणाले, "होय भाऊजी."